चेन कुठवर उघडायची

१५ मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने करोनाने दगावलेल्यांचे मृतदेह कसे हाताळावेत, याची एक मार्गदर्शिका काढली. तेव्हा देशात असे मृत्यू होते फक्त दोन. पानं मोजकी आणि भाषा सगळी सरकारी: हातमोजे, जंतुनाशक, गळती न होणारी पिशवी. मधेच मात्र एक मुद्दा वेगळाच आहे. घरच्यांना शेवटचं तोंड बघायचं असेल तर कर्मचाऱ्याने काळजी घेऊन पिशवीची चेन उघडावी. पोथी वाचणं, तीर्थ शिंपडणं अशा, अंगाला हात लावावा न लागणाऱ्या विधींना परवानगी द्यावी. अंघोळ घालणं, मिठी मारणं, मुका घेणं मात्र नको. राखेपासून काही धोका नाही, अस्थी नेता येतील.

पुढच्या दीड वर्षात ती चेन खरोखर किती ठिकाणी उघडली, हे ज्यांच्या घरी मर्तिक झालं त्यांनाच ठाऊक. पण निदान कागदावर तरी दिल्लीतल्या कुण्या अधिकाऱ्याला सुचलं होतं, की मेलेल्या माणसाचं तोंड बघणं ही आरोग्य खात्यानेही दखल घ्यावी अशी गोष्ट आहे.

देशादेशांची तुलना करताना सगळे आकडे मांडतात: दहा लाखांमागे मृत्यू किती, टाळेबंदी किती दिवस, लसी किती. ते हवंच. पण त्या आकड्यांत एक जुना प्रश्न बसत नाही. मेलेल्याचं आपण काही देणं लागतो का? लागत असू, तर साथ आली म्हणून ते माफ होतं का? हा प्रश्न २०२० मध्ये जवळजवळ प्रत्येक सरकारपुढे आला, आणि बहुतेकांनी त्याचं उत्तर घाईत, एखाद्या परिपत्रकाच्या तिसऱ्या-चौथ्या कलमात देऊन टाकलं.

इटलीत ८ मार्चच्या आदेशाने अंत्यविधीचे समारंभ बंद झाले. दहा दिवसांनी, १८ तारखेच्या संध्याकाळी, बेर्गामो शहरातून लष्कराचे ट्रक रांगेने शवपेट्या घेऊन बाहेर पडले. तिथली शवदाहिनी रात्रंदिवस चालूनही पुरी पडत नव्हती, म्हणून मृतांना दुसऱ्या प्रांतांत नेलं जात होतं. घरच्यांपैकी कुणीही सोबत नव्हतं. ‘लेको दी बेर्गामो’ या स्थानिक वर्तमानपत्रात एरवी दोन-तीन पानांत आटपणाऱ्या निधनवार्ता १३ मार्चच्या अंकात दहा पानं व्यापून बसल्या होत्या. शोक करायला जागा उरली होती ती तेवढीच.

त्याच देशातला तत्त्वज्ञ जॉर्जो आगाम्बेन याने एप्रिलमध्ये एक छोटं टिपण लिहिलं. आपल्या माणसांना अंत्यविधीशिवाय जाळलं जातंय आणि आपण निमूट बघतोय, असं अँटिगनीपासून आजवर घडलं नव्हतं, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश. ग्रीक नाटकातली ही अँटिगनी राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकते आणि त्यासाठी जीव देते. गंमत म्हणजे, याच आगाम्बेनने फेब्रुवारीअखेर ही साथच मुळी उगाच फुगवलेली आहे, असं लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात बेर्गामोने त्याला तोंडघशी पाडलं. त्यामुळे त्याचा दुसरा प्रश्नही अनेकांनी हसण्यावारी नेला. ही चूक झाली. रोगाबद्दल चुकलेला माणूस मृताबद्दल बरोबर असू शकतो.

भीती अगदी निराधार होती असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावात फेब्रुवारी-मार्चमधल्या अंत्यविधींना जमलेल्या गर्दीतून साथ झपाट्याने पसरली. पण तिथे संसर्ग दिला तो शेजारी बसलेल्या जिवंत माणसांनी. प्रेत खोकत नाही, शिंकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २४ मार्च २०२० लाच सांगून टाकलं होतं, की संसर्गजन्य रोगाने मेलेल्याला जाळलंच पाहिजे हा गैरसमज आहे. दहन की दफन हा रूढीचा आणि उपलब्ध साधनांचा प्रश्न आहे.

श्रीलंकेने हे वाचलं नसेल असं कसं म्हणावं? मार्चअखेरपर्यंत तिथल्या नियमांतही दफनाची मुभा होती. ३१ मार्चला ती गेली आणि ११ एप्रिलच्या राजपत्राने करोनाच्या प्रत्येक मृताचं दहन सक्तीचं झालं. कारण दिलं भूजलाचं: पुरलेल्या देहातून विषाणू पाण्यात उतरेल. देशात मुस्लीम दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. त्यांच्या धर्मात देह जाळणं निषिद्ध. गुसल (अखेरची अंघोळ), कफन, नमाज आणि दफन हा मृताचा हक्क आणि जिवंतांवरचं कर्ज. वर्षभरापूर्वीच्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर या समाजाकडे आधीच संशयाने पाहिलं जात होतं. १ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने याविरुद्धच्या याचिका कारण न देता फेटाळल्या.

त्याच महिन्यात कोलंबोत वीस दिवसांचं एक बाळ दगावलं. आईबापांनी दहनाला संमती द्यायला नकार दिला. बाळाला जाळण्यात आलं. बातमी फुटली आणि बोरेल्लाच्या स्मशानाच्या कुंपणाला लोक पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या येऊन बांधू लागले. कफनाचं कापड पांढरं, आणि श्रीलंकेतल्या बौद्धांचा शोकाचा रंगही पांढराच, त्यामुळे ती पट्टी कुणाला समजावून सांगावी लागली नाही. मुस्लीम आले, ख्रिस्ती आले, सिंहली बौद्धही आले. रातोरात त्या पट्ट्या काढून टाकल्या गेल्या. लोकांनी पुन्हा बांधल्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान इम्रान खान कोलंबोला येऊन गेले आणि लगेच, २५ तारखेला, दफनाची परवानगी निघाली. दोन दिवसांत भूजलाचं शास्त्र बदललं, असं मानायला फारच भाबडेपणा लागेल. मग जागा ठरली ती इरणैतीवू नावाच्या बेटाची. तिथल्या तमिळ ख्रिस्ती कोळ्यांनी विरोध केल्यावर ती बदलून पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआ जिल्ह्यातलं ओट्टमावडी. राजधानीतल्या माणसाने बापाला मूठमाती द्यायला देश ओलांडून जायचं. वर्षभरात तिथे साडेतीन हजारांहून अधिक देह पुरले गेले. बहुतेक मुस्लीम, पण थोडे हिंदू, बौद्ध आणि ख्रिस्तीही. जुलै २०२४ मध्ये श्रीलंकेच्या मंत्रिमंडळाने सक्तीच्या दहनाबद्दल माफी मागितली.

आता पाण्याचीच गोष्ट, पण समुद्राच्या अलीकडची. केरळातला आलप्पुळा जिल्हा म्हणजे जमीन कमी आणि पाणी जास्त. दोन हात खणलं की खड्ड्यात पाणी. करोनाच्या मृताला खोल पुरायचा नियम तिथे पाळणंच अवघड. जुलै २०२० मध्ये तिथल्या लॅटिन कॅथलिक धर्मप्रांताने निर्णय घेतला, की करोनाने गेलेल्या भाविकांचं दहन करावं आणि राख चर्चच्या दफनभूमीत विधिपूर्वक पुरावी. शतकानुशतकं मातीच देत आलेल्या समाजाने चर्चच्याच आवारात चिता रचली. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ पासून मुभा दिलेली आहे, हे खरं. पण किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबाला रोमच्या कागदापेक्षा आपल्या बिशपचा शब्द जवळचा.

कोलंबोत पाणी, आलप्पुळ्यातही पाणी. देह दोन्हीकडे जाळलेच. तरी एकाला आपण अन्याय म्हणतो आणि दुसऱ्यापुढे थोडं नमतो, ते का? आलप्पुळ्यात आपल्या मृतांसाठी काय सोडता येईल आणि काय सोडता येणार नाही, हे ज्यांचे मृत त्यांनीच ठरवलं. देह सोडला, दफनभूमी सोडली नाही. चिता पत्करली, प्रार्थना राखेवर केली. धर्म म्हणजे न हलणारा दगड, असं समजणाऱ्यांना ही लवचीकता दिसत नाही. आणि वाकणं धर्माचं धर्माने करायचं असतं, सरकारने त्याची मान धरून नव्हे, हे राजपत्र काढणाऱ्यांना उमगत नाही.

ब्रिटनमध्ये हे उमगलं, पण ऐनवेळी. मार्च २०२० च्या करोना विधेयकाच्या मसुद्यात स्थानिक प्रशासनाला मृताच्या इच्छेविरुद्ध दहन करण्याची वाट मोकळी होती. ब्रॅडफर्डच्या खासदार नाझ शाह यांनी आवाज उठवला, ज्यू आणि मुस्लीम संघटना मागे उभ्या राहिल्या आणि काही दिवसांतच मृताच्या इच्छेचा, धर्माचा विचार करण्याची अट कायद्यात आली. पुढे अंत्यविधीला तीस माणसांची मर्यादा आली, तेव्हा प्रिन्स फिलिप यांच्या वेळी राणीही चर्चमध्ये एकटी बसली. दक्षिण कोरियाने उलटाच क्रम लावला: आधी दहन, मग अंत्यविधी. तिथे दहनाची चाल आधीच सार्वत्रिक, त्यामुळे प्रश्न आगीचा नव्हता, निरोपाचा होता. तीन दिवस मृताजवळ बसायचं, आल्यागेल्याला जेवू घालायचं, ते सगळं एका कलशासमोर करायचं. हा क्रम बदलायला जानेवारी २०२२ उजाडलं.

सगळ्यांत चमत्कारिक पेच पडला तो पारशांपुढे. आग, पाणी, माती ही सारी पवित्र. प्रेताने ती विटाळू नयेत म्हणून देह दखम्यात, म्हणजे उघड्या माथ्याच्या मनोऱ्यात, ऊन आणि पक्ष्यांच्या स्वाधीन करायचा. सरकारी नियमांत दहन होतं, दफन होतं, दखमा नव्हता. मुंबईत काही कुटुंबांनी वरळीच्या शवदाहिनीची वाट धरली. तिथे २०१५ पासून पारशांसाठी प्रार्थनागृह आहे. सुरतेच्या पारशी पंचायतीने मात्र न्यायालय गाठलं. गुजरात उच्च न्यायालयात हार झाली, पण सर्वोच्च न्यायालयात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोन्ही बाजूंनी बसून तोडगा काढला: दखम्यावर धातूची जाळी लावायची, म्हणजे पक्षी आत उतरणार नाहीत, देह फक्त उन्हाच्या हवाली. खरं तर गिधाडं केव्हाच गेली आहेत, गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने ती वीसेक वर्षांपूर्वीच संपवत आणली. जवळजवळ न उरलेल्या पक्ष्यांना अडवणारी जाळी! पण त्या जाळीमुळे सरकारची भीती बाहेर राहिली आणि समाजाचा विधी आत. तोडगा असाच असतो, जरा हास्यास्पद आणि पुष्कळ माणुसकीचा. त्याला जवळजवळ दोन वर्षं लागली, हे दुखणं वेगळं.

मुंबईने हा सगळा प्रवास काही तासांत करून दाखवला. ३० मार्च २०२० ला महापालिकेने परिपत्रक काढलं, की धर्म कुठलाही असो, करोनाच्या मृताचं दहनच होईल. पुरायचं असेल तर शहराबाहेर न्या. ओरड झाली आणि त्याच दिवशी ते मागे घेतलं गेलं. मग वांद्र्यातल्या काही रहिवाशांनी शेजारच्या कब्रस्तानात अशी प्रेतं नकोत म्हणून धाव घेतली. २२ मे रोजी उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. प्रेतामुळे रोग पसरतो याला आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. राज्य तेव्हा ज्या साथरोग कायद्याने चाललं होतं तो १८९७ चा, पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. मृत्यूची नोंद होईपर्यंत अंत्यविधी बेकायदा, असा तेव्हाचा खाक्या होता आणि त्या साऱ्या जाचाचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पण न्यायालयाचा निकाल आणि अंबाजोगाई यांत अंतर फार. एप्रिल २०२१ मध्ये तिथे एका रुग्णवाहिकेत बावीस मृतदेह कोंबून स्मशानात नेले गेले. त्याच महिन्यात तिथे एकाच सरणावर आठ जणांना अग्नी दिला होता. इथे कुणाच्या धर्मावर घाला नव्हता, द्वेष नव्हता. गाड्या नव्हत्या, जागा नव्हती. मेलेल्याला त्याने फरक पडतो का, असं विचारणारे भेटतात. एका सरणावर आठ देह, तर मग रक्षा सावडायची ती कुणाची, हा प्रश्न त्यांनी त्या आठ घरांत जाऊन विचारावा. मे महिन्यात प्रयागराजजवळ शृंगवेरपूरला गंगेच्या वाळूत शेकडो देह उथळ पुरलेले दिसले. वाळूत पुरण्याची चाल तिथल्या काही समाजांत आधीपासून आहे. इतक्यांना एकदम पुरण्याची नव्हती. त्यांच्यावर अंथरलेली भगवी वस्त्रं एके दिवशी काढून टाकली गेली, त्याचे व्हिडिओ फिरले. कोलंबोत पांढरं कापड नकोसं झालं होतं, इथे भगवं.

इस्लामी धर्मशास्त्रात मृताच्या अंत्यविधीला ‘फर्ज-ए-किफाया’ म्हणतात: समाजातल्या काहींनी ते कर्तव्य केलं की बाकीचे सुटतात, कुणीच केलं नाही तर सगळे दोषी. यहुद्यांत बेवारस प्रेत दिसलं तर बाकी सगळं विटाळशास्त्र बाजूला ठेवून मुख्य पुरोहितानेही ते पुरायचं. आपल्याकडे मुलगा, नातू, भाऊ, मग सपिंड, अशी अधिकाराची उतरंड. या उतरंडीत यवतमाळचे काही मुस्लीम तरुण कुठे बसतात? मुलगे विलगीकरणात असताना किंवा घाबरून लांब उभे असताना त्यांनी शेकडो हिंदू चितांना अग्नी दिला. धर्मसिंधूसारखा ग्रंथ उघडून त्यांचा अधिकार शोधत बसायला कुणाला सवड नव्हती आणि गरजही वाटली नाही.

कर्नाटकात उरल्या त्या अस्थी. बंगळुरूच्या स्मशानांत पाचशेहून अधिक मडक्यांना कुणीच न्यायला आलं नाही; काही घरांत न्यायला कुणी उरलंच नसेल. जून २०२१ मध्ये राज्याचे महसूलमंत्री आर. अशोक ती मडकी घेऊन मंड्या जिल्ह्यात बेळकवाडीला गेले. कॅमेरे होते, राजकारणही असणारच. तरी कावेरीच्या काठावर पुरोहितांनी सांगितलं तसं, एरवी मुलाने करायचं ते सगळं, सरकारने केलं आणि मग एकेक मडकं पाण्यात रिकामं होत गेलं.