सल्लागाराचा सातबारा

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर रेशनचा तांदूळ सुपात आला की बाई आधी खडे काढते, मग आणखी एक गोष्ट वेचून बाजूला टाकते: जरा जास्तच पांढरे, साच्यातून काढल्यासारखे एकसारखे दाणे. ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून ते सरळ कोंबड्यांपुढे जातात.

प्लॅस्टिक त्यात नसतं. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून पाडलेला तो दाणा असतो, साध्या तांदळात शेकडा एक या प्रमाणात मिसळलेला. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, 2024 च्या ऑक्टोबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2028 पर्यंत ही योजना चालू ठेवायला 17,082 कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या खर्चाचं लोह सुपातून अंगणात उडतं. सरकार याला गैरसमज म्हणतं आणि जनजागृतीचे फलक लावतं. मला तो निव्वळ गैरसमज वाटत नाही. ताटातला दाणा बदलला. कोणी बदलायला सांगितलं, ते तिला कोणी सांगितलंच नाही.

जमीन घेताना आपण काय करतो? सातबारा काढतो आणि आधी ‘इतर अधिकार’चा रकाना वाचतो. कोणत्या बँकेचा, पतपेढीचा बोजा आहे, कुळाची नोंद आहे का. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून तर शहापुरात शाळकरी पोरालाही हा रकाना कळतो. बोजा आहे म्हणून जमीन वाईट ठरत नाही, बोजा लपवला तर व्यवहार वाईट ठरतो. देशाने काय खावं हे सांगणाऱ्या तज्ज्ञाचा असा उतारा मात्र आपल्याला कधी मिळत नाही.

कायदा नाही म्हणावं, तर आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्याच्या कलम 13 नुसार शास्त्रीय पॅनेलवर स्वतंत्र तज्ज्ञच हवेत. उद्योगांचे प्रतिनिधी चर्चेला बोलवावेत, इतकंच. प्रत्यक्षात पॅनेलांवर शीतपेयं आणि पाकीटबंद खाद्यपदार्थ विकणाऱ्या बड्या कंपन्यांची माणसं बसली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2011 च्या फेब्रुवारीत न्यायालयाला सांगावं लागलं की पॅनेलं नव्याने नेमा. कायद्यात स्वच्छ लिहिलेलं वाचून दाखवायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं!

पुढचा प्रकार जास्त सफाईदार. 2018 मध्ये जादा साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर लाल खूण छापण्याचा मसुदा आला. उद्योगांनी ओरड केली, मसुदा थांबला आणि तीन जणांची समिती नेमली गेली. प्रमुख होते डॉ. बी. सेसिकेरन, राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक. ते इंटरनॅशनल लाइफ सायन्सेस इन्स्टिट्यूटचे विश्वस्त असल्याचं 2019 च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं. ही संस्था 1978 मध्ये कोका-कोलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने काढलेली, खाद्य कंपन्यांच्या पैशावर चालणारी. डॉक्टरांच्या विद्वत्तेबद्दल किंवा हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण भारतातल्या लेबलांबद्दलची ही गोष्ट आपल्या वाचकाला अमेरिकेच्या पेपरातून कळावी, हे कसलं लक्षण? अमेरिकेची स्थिती तरी फार बरी आहे असं नव्हे. तिथल्या 2020 च्या आहार मार्गदर्शक समितीतल्या 20 पैकी 19 सदस्यांचे अन्न किंवा औषध उद्योगाशी संबंध असल्याचं नंतर संशोधकांनी दाखवून दिलं.

हे दिल्लीतलं राजकारण, आपल्या अंगणवाडीशी त्याचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध थेट आहे. सल्ल्यातला एक शब्द बदलला की टेंडर बदलतं.

अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 7 ऑक्टोबर 2004 चा. फेब्रुवारी 2009 मध्ये केंद्राने आहाराचे निकष सुधारले आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायच्या आहारात ‘सूक्ष्मपोषकयुक्त’ आणि ‘ऊर्जादाट’ हे शब्द आले. शास्त्र म्हणून शब्द निर्दोष. पण मुरबाडच्या एखाद्या वाडीतल्या बचत गटाकडे चूल आहे, जातं आहे, नाचणी भाजायला हात आहेत. जीवनसत्त्वं मोजून मिसळणारं यंत्र कुठून आणणार? महाराष्ट्रात काम गेलं तीन मोठ्या महिला संस्थांकडे. या संस्था म्हणजे खासगी कंपन्यांचे मुखवटे आहेत, असा अहवाल न्यायालयाच्या अन्न आयुक्तांच्या कार्यालयाने 2012 मध्ये दिला. 2016 ची सुमारे 6,300 कोटींची टेंडरं न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केली, कारण अटीच अशा होत्या की बचत गटांना दारातच अडवावं. तोवर ‘टीएचआर’ची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं किती पाड्यांवर शेळ्या-गुरांपुढे ओतली गेली, ते अंगणवाडीताईंना विचारा. पोरं तोंड लावत नव्हती.

निकष लिहिणाऱ्यांनी कंपन्यांसाठी लिहिलं, असा माझा आरोप नाही. ते तपासायला आपल्या हातात कागद नाही, ही तक्रार आहे.

आता माझ्या बाजूचाही बोजा दाखवतो. आदिवासी मुलांना अंडी द्या, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय. 2015 पासूनच्या अमृत आहार योजनेत ती आहेतही, आणि शालेय आहारातल्या अंड्यांचा निधी राज्याने 2025 च्या सुरुवातीला काढून घेतला तेव्हा मला संताप आला. पण ‘संडे हो या मंडे’ म्हणत अंड्यांची जाहिरात करणारी समिती ही कुक्कुटपालकांचीच संघटना. अंड्याची शिफारस करणारा तज्ज्ञ तिच्या खर्चाने परिषदेला गेला असेल, तर तेही छापा. अंडं त्याने वाईट ठरत नाही.

ज्याच्यामागे कोणीच उभं नाही असंही अन्न आहे. मृगाच्या पावसाबरोबर इथल्या रानात शेवळं उगवतात. काकडाची आंबट फळं घालून शिजवली नाहीत तर घसा खाजतो, हे ठाकर-कातकरी बायकांना कोणत्या समितीने शिकवलेलं नाही. कुरडू, भारंगी, करटुली, ओढ्यातले खेकडे. यांच्यासाठी परिषद भरवणारा, तज्ज्ञाचं विमानाचं तिकीट काढणारा कोणी नाही. म्हणून सरकारी कागदात ती येतात ती प्रदर्शनातल्या रानभाजी महोत्सवापुरती.

सिकलसेलचा मुद्दा तर जिवाशी निगडित. लोह मिसळलेलं अन्न सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये, अशी सूचना 2018 च्या नियमांत होती. पुढे शास्त्रीय समितीने तिची गरज नसल्याचं सांगितलं. असेलही तसं, वैद्यकातलं मला कळत नाही. मात्र ज्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे तिथल्या आईला दोन्ही वेळा कारण कळायला हवं होतं, आणि कारण देणाऱ्याचा उताराही.

करायचं काय, तर फार नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीबाबत आपण हे करून बसलोय: 1992 च्या कायद्याने, 2003 च्या दुरुस्तीसह, कंपन्यांना डॉक्टरांच्या परिषदा आणि संशोधन पोसायला बंदी आहे. तोच न्याय आहाराच्या प्रत्येक समितीला लावा. सदस्याचं नाव, गेल्या पाच वर्षांतलं मानधन, प्रवास, संशोधन निधी, विश्वस्तपदं, सगळं मराठीत आणि शिफारशीच्या पहिल्याच पानावर. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 समित्यांचा तपशील कोणी मागण्याआधीच जाहीर करायला सांगतं.

शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही. अशा क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्यातली ग्रामसभा कागदावर तरी मोठी आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतील आणि निम्मी वाडी रिकामी होईल. त्याआधीच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: आमच्या पोरांच्या आहाराचा निकष ज्यांनी ठरवला त्यांच्या हितसंबंधांची माहिती जिल्हा परिषदेने सरकारकडून मागवावी आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावावी. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, तरीही आलं नाही तर अपील करा. अर्जाची फी 10 रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही माफ.