दुकानदाराचा तोटा कोणी सोसावा?

तंबाखूच्या विक्रीवर सरकारने निर्बंध घातल्यामुळे खेड्यातील लहान दुकानदाराचे पोट मारले जाते, हे न्यायाचे आहे काय, असे आमच्या एका वाचकाने विचारिले आहे. प्रश्नकर्ता स्वतः दुकानदार असून आपल्या मंडळीचा जुना सभासद आहे. म्हणून त्यास चार शब्दांत वाटेस लावणे आम्हांस बरे वाटत नाही.

सन २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास बंदी झाली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखा बंद झाला व २०२० साली सुटी सिगारेट आणि विडी विकण्याची मनाई झाली. हा शेवटला निर्बंध खेड्यात फार जाचतो. मजूर सबंध पुडा घेत नाही. तो एक विडी मागावयास येतो आणि जाताना काडेपेटी, चहापत्ती, मुलांस बिस्किटेही नेतो. तेव्हा तोटा एका विडीवरील नफ्याचा नव्हे, गिऱ्हाईक तुटण्याचा आहे. हे नाकारणे खोटेपणाचे होईल.

तथापि तोटा होतो एवढ्याने धंदा योग्य ठरत नाही. इफिसातील देमेत्रिय सोनारानेही धंदा बुडतो म्हणून गावभर गलबला उठविला. अर्तमीचे देव्हारे खपणार नाहीत, ही त्याची भीती निराधार नव्हती! पण प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच १९ व्या अध्यायात जादूटोणा करणाऱ्यांनी रुप्याच्या ५०,००० नाण्यांची आपली पुस्तके आपल्याच हातांनी जाळिली, आणि त्यांस कोणी भरपाई दिल्याचे लिहिलेले नाही. ज्या पदार्थाने तोंडाचा कर्करोग होतो, तो शेजाऱ्याच्या मुलाच्या हाती देऊन आपल्या मुलाची फी भरणे आम्हांस समर्थनीय वाटत नाही. शिवाय विडी सोडणाऱ्याचा पैसा नाहीसा होत नाही. तो तेलाला, डाळीला लागतो.

परंतु ते तेल तो कोठून घेतो? येथे आम्हां उपदेश करणारांस थोडे ओशाळे व्हावे लागते. याच दुकानदाराने हंगामाच्या सणास आणिलेले दान, ते कशाच्या विक्रीतून आले हे न पुसता, मंडळीने वर्षानुवर्षे घेतले. आता त्याने तंबाखूची बरणी फळीवरून काढिली, तर पाळकासह किती कुटुंबे महिन्याचा किराणा त्याच्याकडून भरतील? आज तरी पुष्कळजण दोन रुपये वाचविण्यासाठी त्याच्या दारावरून तालुक्याच्या बाजारास जातात, आणि प्रभुवारी त्याच्याच शेजारी बसतात.