संघाने नाकारलेला संत

वसईजवळच्या वटार, नंदाखाल, गास या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांना गोन्सालो गार्सिया हे नाव नवं नाही. 1557 च्या सुमारास वसईत जन्मलेल्या या माणसाला 1862 मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेला कॅथलिक चर्चचा हा पहिला संत. त्याच्याबद्दल बोलताना आपण थेट शेवटाकडे, क्रुसाकडे धावतो. पण देव कुठे भेटला असेल, हे विचारायचं तर मधली वर्षं पाहायला हवीत, आणि ती मुळीच भव्य नाहीत.

बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांकडे शिकून कोवळ्या वयात तो त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा बोलू लागला, धर्मशिक्षक म्हणून राबला. मला जेझुइट संघात घ्या, ही विनंती मात्र मान्य झाली नाही. मग त्याने व्यापार सुरू केला. ज्यांच्यासाठी तारुण्य घातलं त्यांनीच दार लावलं, आणि हा माल विकत बसला!

पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून घेतलं. 1593 मध्ये फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषा होऊन तो पुन्हा जपानला आला. त्याची जपानी भाषा आता थेट जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे कामी आली. क्योतोत या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं काढली. कुष्ठरोगाचा जंतू संशोधक हान्सेनला दिसला तो 1873 मध्ये. गुणकारी औषध त्याहूनही उशिरा आलं. म्हणजे तिथे बरं करण्याचा प्रश्नच नव्हता. सडणाऱ्या देहाजवळ बसायचं, शिवायचं, एवढंच हातात होतं.

1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यातून मिशनऱ्यांमागून स्पेनचं सैन्य येतं, असा हिदेयोशीचा संशय बळावला. संशय अगदी निराधार होता असं वसईच्या माणसाने तरी म्हणू नये. पोर्तुगीजांचा किल्ला इथेच आहे. धरपकड झाली, कान कापले गेले, भर थंडीत नागासाकीपर्यंत धिंड निघाली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी गोन्सालोसह 26 जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यांत 20 जपानी होते, रुग्णालयात काम करणारे गृहस्थ होते, आणि तीन जेझुइटही. ज्या संघात गोन्सालोला जागा मिळाली नाही, त्याची माणसं त्याच टेकडीवर मेली.

सर्वांत धाकटा लुई इबाराकी 12 वर्षांचा होता. इथे लेखणी अडखळते. दुःखातही कृपा असते, असं गोन्सालोने स्वतःबद्दल म्हटलं तर ऐकून घ्यावं. त्या पोराबद्दल आपण घरी बसून म्हणणं उद्धटपणाचं आहे. क्योतोच्या रुग्णालयाबद्दल बोलायला तेवढा संकोच वाटत नाही, कारण तिथलं दुःख या मंडळींनी मागवलेलं नव्हतं आणि त्याचं कौतुकही केलं नाही. रोगी आधीपासून रस्त्यावर होते, यांनी त्यांना आत घेतलं.