लाल फुलीखालचं झाड

शिवऱ्यात आमचं घर बांधून झालं आणि बागेचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की घरात सगळ्यात जास्त वेळ मोबाइल माझ्या हातात असतो. मी दीडशे फोटो जमवले, एका लँडस्केपवाल्याला पाठवले आणि आठवड्याभरात आराखडा आला. दारासमोर एक गुंठा लॉन, कडेने फॉक्सटेल पाम, भिंतीलगत ड्रॅसिना, कोपऱ्यात प्लुमेरिया, रात्री खालून दिवे. शिवाय दोन गाड्यांसाठी फरशी घातलेली जागा. त्या जागेवर लाल फुली होती. तिथे आंबा आहे.

प्लुमेरियाचा फोटो बघून आजी म्हणाली, "हा तर खुरचाफा. फांदी मोडून खोचली तरी येतो." आम्ही त्याचे साडेतीन हजार देणार होतो. देशी-विदेशीच्या वादात मला रस नाही, कारण हा देवळापुढचा चाफाही मूळचा अमेरिका खंडातलाच, मिरचीसारखा. तेवढं सोडलं तर आराखडा मला आवडला होता. अजूनही आवडतो.

लॉनचं गणित मी नंतर केलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ टिकवायला दिवसाला पाचेक मिलिमीटर धरा. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे रोज ५०० लिटर. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर धरलेले आहेत. आमचं गवत रोज नऊ माणसांचं पाणी प्यायलं असतं आणि त्यावर कुणी बसलंही नसतं. लॉन मी त्याच रात्री काढून टाकलं. आकडे समोर असले की निर्णय सोपा होतो.

आंब्याचं तसं नव्हतं.

झाड रायवळ आहे. चव बरी, कोय मोठी, धागे दातात अडकतात. सातबारा आमच्या नावावर, म्हणजे झाड आमचं. पण वडील तीस वर्षं पुण्यात नोकरीला होते आणि जमीन शेजारच्या आक्कांच्या घराकडे वाट्याने होती. कोय त्यांच्या मालकांनी लावली, ते आता नाहीत. पहिले तीन-चार उन्हाळे आक्कांनी ओढ्यावरून हंड्याने पाणी घातलं, शेळ्या खाऊ नयेत म्हणून काट्या लावल्या. आम्ही मे महिन्यात यायचो आणि आढीतले आंबे खायचो. धान्य अर्धं-अर्धं ठरलेलं होतं. आंब्याबद्दल कधी कुणी काही बोललंच नव्हतं. लोणच्याच्या कैऱ्या त्या नेत, पिकलेल्यातली एक पाटी आमच्याकडे पोचवत, आणि चाळीसेक वर्षं त्यात कुणाला काही खटकलं नाही.

आराखडा आल्यावर मी त्यांना सांगायला गेलो. 'विचारायला' म्हणणं खोटं ठरेल. त्या म्हणाल्या, "तुमचं झाड हाय दादा. आमी काय बोलनार?" आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला चहा गिळवेना.

इथून हायवेने पुण्याकडे निघालं की थोड्याच अंतरावर खेड शिवापूर लागतं. बहुतेकांना ते टोलनाक्यामुळे माहीत असतं. पण एका बागेची गोष्ट त्या गावाशी जोडलेली आहे. दादोजी कोंडदेवांनी शिवापूरला आमराई लावली आणि एकदा नकळत त्यातलाच एक आंबा तोडला. मालकाच्या बागेतलं फळ न विचारता घेतलं म्हणून ते स्वतःचा हात तोडायला निघाले. लोकांनी अडवलं, तेव्हा त्या हाताची बाही कायमची आखूड ठेवली. ही आख्यायिका आहे, आणि दादोजींवरून आपल्याकडे काय काय झालंय ते ठाऊक असल्यामुळे मी इतिहासाच्या वादात शिरत नाही. मला गोष्टीतला प्रामाणिकपणा लहानपणी फार भारी वाटायचा. आता तीच गोष्ट आठवली की वाटतं, बाग तर त्यांनीच लावली होती ना! लावणाऱ्याने एक आंबा खाल्ला तर तो चोर, हे कुणी ठरवलं?

ऑफिसात मीही तेच करतो म्हणा. कोड मी लिहितो, तो कंपनीचा असतो. उद्या नोकरी सोडताना त्यातली एक फाइल नेली तर मीही चोर. पण त्यासाठी मी सही केलीय, पगार घेतलाय. हंड्यांचा पगार आक्कांना कुणी दिला नव्हता.

जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६८९ मध्ये मांडलं, की निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. वाचून मला वाटलं, झालं, झाड आक्कांचं! पण लॉक बोलतो ते सगळ्यांच्या सामाईक जमिनीबद्दल. दुसऱ्याच्या जमिनीत घातलेल्या पाण्याचं काय, तिथे तो कामाला येत नाही.

कामाला आलं ते आज्ञापत्र. शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून झाडांबद्दलचा एक मजकूर पर्यावरण दिनाला सगळ्यांच्या फोनवर येतो. तो मुळात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. पंतांनी थोरल्या महाराजांचा कारभार पाहिलेला होता. विषय आरमाराचा आहे, जहाजांना लाकूड लागतं. आंबा-फणसाचं लाकूडही उपयोगी आहे, तरी त्यांना हात लावू नका, असं तिथे सांगितलंय. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड जीर्णच झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडा. बळजबरी नको.

फॉरवर्डमध्ये याचा अर्थ 'झाडे लावा, झाडे जगवा' एवढाच होतो. मला त्यात वेगळं काही दिसतं. पंत सावली-पावसाबद्दल बोलत नाहीत. सरकारची गरज खरी आहे हे मान्य करून ते आधी वाढवणाऱ्याच्या दुःखाकडे बघतात. त्यांच्या मजकुरात मालक आणि वाढवणारा एकच आहे. आमच्याकडे ते दोन आहेत, आणि दुःख मालकाच्या वाट्याला आलेलंच नाही. फुली मारताना मला काहीच वाटलं नव्हतं.

कायदाही आहे. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतलासुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगी मिळाली असती की नसती, तो भाग वेगळा. पण ती सरकारकडून घ्यायची, आक्कांकडून नाही.

फुली मी काढली. गाड्या रस्त्याच्या बाजूला उभ्या राहतील, दिसायला तितकं चांगलं दिसणार नाही. मला वाटलं, प्रश्न संपला. मग वडिलांशी वाद झाला, झाडावरून नव्हे, एका शब्दावरून. मी बोलून गेलो, "कैऱ्यांवर त्यांचा हक्क आहे, पप्पा." ते एकदम म्हणाले, "कैऱ्या दे. दरवर्षी दे, दोन पाट्या दे. पण हक्क म्हणू नकोस. उद्या कूळ लागायचं."

त्यांची भीती मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. त्यांच्या पिढीने कूळकायद्यात भाऊबंदांची जमीन गेलेली ऐकलीय, आणि हा चार गुंठ्यांचा तुकडा त्यांनी कर्ज काढून भावांकडून सोडवून घेतलाय. आणि तरी 'दे' आणि 'हक्क' यांत फरक आहेच. आतापर्यंत आक्का वाटेल तेव्हा येऊन कैऱ्या उतरवायच्या. कंपाउंड झाल्यावर त्यांना गेटची बेल वाजवावी लागेल, आणि आम्ही पुण्यात असलो तर कैऱ्या झाडावरच राहतील. झाड वाचवून आम्ही आक्कांना मागायला लावणार. माणसं आमच्याकडे चांगुलपणाने बघतील, आम्ही झाड वाचवलं म्हणून.

कंपाउंडचं काम दिवाळीनंतर सुरू होतंय. नव्या आराखड्यात आंब्याच्या बाजूने, आक्कांच्या घराकडे, अडीच फुटी एक फाटक मी काढलंय. गवंड्याने विचारलं, कडी आतून लावायची की बाहेरून. वडील म्हणाले आतून. मी म्हणालो, कुलूप लावू आणि एक किल्ली आक्कांकडे देऊ. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, पेपर वाचत राहिले. आक्कांना अजून यातलं काही माहीत नाही. या खेपेला मी विचारायला जाणार आहे.