कापलेल्या जाळ्याचा हिशेब

ओहोटी लागली की रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघण्याशिवाय इलाज नसतो. परवा तसाच बसून होतो. शेजारी एक म्हातारा नाखवा निळं जाळं मांडीवर घेऊन, त्याची कड पायाच्या अंगठ्यात ताणून, भोक सांधत होता. माझं डोकं सहज आरपार जाईल एवढं भोक.

"काय नाखवा, मोठ्या माशानं फाडलं?"

"आमीच कापलं. कासव व्हतं." सुई पुन्हा चालू.

कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर जन्मभर पाण्यात राहणारा हा जीव पाण्यातच गुदमरतो. याच जिल्ह्यात हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाळूत अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणं गुन्हा. पण वाचवायचं तर जाळ्याला सुरी लावावी लागते, हाती आलेली मासळी निसटते आणि पुढचे दिवस सांधण्यात जातात.

हे ओळखून डिसेंबर २०१८मध्ये राज्यात कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाने एक योजना आणली. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं, तर फोटो दाखवून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. रक्कम फार मोठी नाही, पण तिच्यात एक कबुली आहे: भरसमुद्रात दाखवलेल्या दयेचा खर्च एकट्या नाखवाच्या माथी मारणं न्यायाचं नाही.

घटनेचं कलम ५१-अ प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य मानतं. प्रत्येक म्हणजे जाळं टाकणारा, तसाच ताटातली तुकडी खाणाराही. देवळात दगडी कासवाला चुकून पाय लागला, तर आपण चटकन हात जोडतो. त्या कासवापायी आपलं काहीच जात नाही. जिवंत कासवापायी मात्र कुणाचा तरी दिवस बुडतो, आणि तो कुणाचा हे आपण सहसा विचारत नाही.

भरती आली, लाँच लागली. माझ्या पिशवीत धक्क्यावरच घेतलेले बोंबील होते. शंभराचा वाटा ऐंशीला पाडून घेतला, म्हणून मघापर्यंत मी स्वतःवर खूश होतो.