अहरोनाचा आनंद

आजचं वाचन: निर्गम ४:१०–१७, निर्गम १७:८–१३, गणना १२:१–१५



डिसेंबर लागला की माझी रोज दोन वेळा हजेरी असते. सकाळी ऑफिसच्या स्टँडअपला आणि रात्री साडेआठला चर्चच्या हॉलमध्ये. यंदा आमच्या मंडळीने नाताळची संगीत नाटिका बसवायला घेतली आहे. गाणी मंडळीतल्याच लोकांनी लिहिली आहेत. शेवटचं गाणं तेवढं ‘हार्क द हेरल्ड’ या जुन्या कॅरलच्या चालीवर आहे, मराठी शब्दांत. तीसेक माणसं आहेत, त्यात संडे स्कूलची अकरा मेंढरं. त्यातली दोन रोज रडतात. मी साउंड बघतो. मला गायला कुणी सांगत नाही, आणि ते मंडळीच्या हिताचंच आहे.

मरीयेचं काम माझी धाकटी बहीण करते. “मरीया एवढी मोठी होती?” असं एका मेंढराने पहिल्याच दिवशी विचारलं. बहीण ३१ वर्षांची आहे. पण मग ती गायली. अलीशिबेच्या घरी मरीया देवाची स्तुती करते, तो प्रसंग. आमच्याकडे त्या गाण्याची चाल भूप रागाच्या अंगाने बांधली आहे. ती गात असताना मागच्या बाकांवर मोबाइल बघणारी तरुण संघाची मुलं हळूहळू मान वर करून बघायला लागली. वयाचा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

मला खूप अभिमान वाटला. गाणं संपल्यावर मी माईकवरून म्हणालो, “काय आवाज आहे राव!” सगळे हसले, तीही हसली. हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं बोलत आलोय.

मागच्या गुरुवारी मात्र वेगळं झालं. मिक्सरवर एका चॅनलचं बटण दाबलं की हेडफोनमध्ये फक्त त्याच माईकचा आवाज येतो. हॉलमधली पेटी नाही, ढोलकी नाही, कोरस नाही. कुठे खरखर येते ते शोधायला मी तिचा चॅनल एकटा ऐकत होतो. खरखर सापडली नाही, पण दुसरं काहीतरी ऐकू आलं. शेवटच्या ओळीत वरच्या षड्जावर जायच्या आधी तिचा श्वास संपत होता. तिथे ती शब्द थोडा लवकर सोडत होती, आणि इतक्या सफाईने की हॉलमध्ये कुणाला कळत नव्हतं.

तालीम संपल्यावर वायरी गुंडाळताना मी सहज म्हणालो, “अगं, शेवटच्या ओळीला माईक जरा जवळ घे.” ती म्हणाली, “माईकचं नाही रे दादा. वरच्या सा ला माझा श्वास पुरत नाही. शिकणं चालू राहिलं असतं तर पुरला असता.”

ती चिडून म्हणाली नाही. पाऊस थांबलाय असं सांगावं तसं सांगितलं आणि मुलांच्या मेंढरांच्या टोप्या गोळा करायला गेली. मी मात्र वायर हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.

कारण तिचं शिकणं का थांबलं, ते मला माहीत आहे. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या वर्षी ती दहावीत होती. गाण्याची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा ती पास झाली होती आणि बाई म्हणत होत्या, हिला मध्यमाला बसवा. बाबा क्लार्क होते. माझ्या कॉलेजची फी, हॉस्टेल, पहिला लॅपटॉप. घरात कुणीही “हिचं गाणं बंद करू या” असं म्हटलं नाही. “दहावीचं वर्ष आहे, एक वर्ष थांब,” एवढंच ठरलं. मग अकरावी आली, माझं दुसरं वर्ष आलं. पेटी कपाटावर गेली. कुणी निर्णय घेतला नाही, पण निर्णय झाला.

त्या रात्री घरी येऊन मी निर्गमचा चौथा अध्याय वाचला. वाचनाच्या क्रमात तोच होता. मोशे देवाला सांगतो, मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव. तेव्हा देव त्याला त्याच्या भावाबद्दल सांगतो. अहरोन चांगला बोलतो, तो तुला भेटायला निघालाही आहे, आणि तुला पाहून त्याला मनापासून आनंद होईल.

हा आनंद साधा नाही, मित्रांनो. पुढे सातव्या अध्यायात दोघांची वयं दिली आहेत, मोशे ८० आणि अहरोन ८३. म्हणजे अहरोन थोरला. बोलण्याची कला त्याच्याकडे, पण पाचारण धाकट्याला. अशा वेळी थोरल्याच्या मनात काय काय येऊ शकतं, ते काईनापासून उधळ्या पुत्राच्या भावापर्यंत शास्त्राने आपल्याला दाखवलं आहे. तरी अहरोन आनंदाने वाळवंटात चालत जातो.

मला वाटायचं, मी या परीक्षेत पास आहे. मला बहिणीचा कधीच हेवा वाटला नाही. हेवा नाही, कौतुक आहे, म्हणजे झालं की!

पण झालं का? गुरुवारनंतर मला हाच प्रश्न पडलाय. हेवा नसणं म्हणजे प्रेम असणं, असं आहे का? मला तिचा हेवा वाटायला कारणच नव्हतं. घरातलं जे काही थोडं होतं ते माझ्या वाट्याला आलं होतं. पोट भरलेल्या माणसाने “मला तुझ्या ताटाचा हेवा नाही” म्हणण्यात मोठेपणा कसला?

इथे मला त्या शेवटच्या कॅरलची चाल आठवते. ती फेलिक्स मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराची. छपाईचा शोध लावणाऱ्या गुटेनबर्गच्या स्मरणार्थ लाइपझिगमध्ये १८४० साली उत्सव झाला, त्यासाठी त्याने ती रचली. चार्ल्स वेस्लीच्या नाताळगीताला ती नंतर, १८५५ मध्ये, दुसऱ्याच एका संगीतकाराने जोडली. फेलिक्सला फॅनी नावाची बहीण होती, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. तीही तितक्याच तोलाची संगीतकार. पण ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला पत्रात लिहिलं की संगीत फेलिक्सचा व्यवसाय होऊ शकेल, तुझ्यासाठी मात्र तो फक्त एक अलंकार राहील.

फेलिक्सचं तिच्यावर फार प्रेम होतं. स्वतःच्या रचना तो तिला दाखवायचा, तिचं मत मानायचा. तिची सहा गीतं त्याने स्वतःच्या नावाने छापलेल्या संग्रहांत घेतली. १८४२ मध्ये इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया त्याच्यासमोर त्यातलंच एक आवडीचं गीत गायली, तेव्हा त्याला कबूल करावं लागलं की हे माझं नाही, बहिणीचं आहे. तरीही फॅनीने स्वतःच्या नावाने रचना छापाव्यात, याला तो अनुकूल नव्हता. शेवटी १८४६ मध्ये तिने स्वतःच छापायला सुरुवात केली आणि मग त्याने शुभेच्छा पाठवल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात ती वारली. वय ४१. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोही गेला.

फेलिक्सला मी वाईट माणूस म्हणणार नाही. त्याच्याइतकं फॅनीचं गाणं कुणाला कळलं असेल? त्याचं कौतुक खोटं नव्हतं. पण इतकी वर्षं त्या कौतुकाने तिच्यासाठी दार उघडलं नाही. हे वाचताना मला माझं “काय आवाज आहे राव” आठवलं.

तुमच्यातले काही जण म्हणतील, दादा, तू उगाच स्वतःला दोष देतोस. तेव्हा तू १८ वर्षांचा होतास. निर्णय आईबाबांचा, परिस्थिती त्यांची. हे खरं आहे. आईबाबांनाही मी दोष देत नाही. त्या पगारात कोणत्याही घराने हेच केलं असतं. पण दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष माझा नव्हता, फायदा मात्र माझा होता. ज्या डिग्रीवर मी आज हिंजवडीत बसून पगार घेतो, त्यात तिची मध्यमाची परीक्षाही गेली आहे. चूक न करताही माणूस ऋणी असू शकतो.

आणखी एक जण म्हणेल, प्रत्येक देणगीचं करिअर व्हायलाच हवं का? ती मंडळीत गाते, देवाची स्तुती होते, ते कमी आहे का? नाही, अजिबात कमी नाही. तिने काय व्हावं हे ठरवणारा मी कोण! पण तिला हवंय का, हे गेल्या सोळा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही. कौतुक करताना विचारायची गरज पडत नाही. टाळी वाजवली की आपलं काम संपतं.

म्हणून मी निर्गमच्या सतराव्या अध्यायापर्यंत गेलो. अमालेकाशी लढाई चालू आहे. मोशेचे हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकाची. हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसायला दगड आणतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. चौथ्या अध्यायातला आनंद इथे कामाला लागलेला दिसतो. भावाला पाहून अहरोनाला आनंद झाला होता, आता भावाच्या हाताचं ओझं त्याच्या हातावर आहे.

पण हाच अहरोन गणनाच्या बाराव्या अध्यायात मिर्यामेबरोबर कुरकुर करतो की देव काय फक्त मोशेशीच बोलला? म्हणजे भावंडाबद्दलचा आनंद एकदा मिळवला की कायमचा आपला, असं नाही. तो पुन्हा पुन्हा मागून घ्यावा लागतो. मला हे वाचून धीर आला. देवाने त्या कुरकुरीनंतरही अहरोनाला टाकून दिलं नाही.

शुक्रवारी मी तिला विचारलं. खरं सांगतो, मी मनात हिशोब करूनच गेलो होतो. चांगला क्लास शोधू, फी मी भरीन. ती ऐकून घेऊन म्हणाली, “दादा, फी मी भरू शकते. मलाही पगार आहे. संध्याकाळ मिळत नाही.”

शाळेतून आली की आईचे गुडघ्याचे व्यायाम, बाबांच्या डोळ्यांत थेंब, स्वयंपाक. हे सगळं तिच्याकडे आहे, कारण ती त्यांच्याजवळ राहते आणि मी वाकडला. हेही कुणी ठरवलेलं नाही. झालं. मला वाटत होतं की सोळा वर्षांपूर्वीचं कर्ज आहे. प्रत्यक्षात त्याचा हप्ता रोज संध्याकाळी तीच भरत होती.

पैसे देणं मला सोपं गेलं असतं. मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ देणं जड जातंय, कारण नेमके त्याच वेळी अमेरिकेतल्या टीमचे कॉल असतात. मॅनेजरशी बोललो. तो “बघू” म्हणाला आहे. बायको म्हणाली, मंगळवारी मी पण येईन. बहीण काय म्हणाली? “आधी नाताळ होऊ दे. मग बघू तू किती मंगळवार येतोस ते.” तिचा अविश्वास मी समजू शकतो. परवाच्या मंगळवारी पहिल्यांदा गेलो. व्यायाम चुकीच्या क्रमाने घेतले म्हणून आईने मला दोनदा दुरुस्त केलं.

काल रात्री तालमीत ती शेवटची ओळ पुन्हा आली. श्वास तिथेच संपला. मी काही बोललो नाही, फेडर थोडा वर घेतला. साउंडवाल्याला तेवढंच करता येतं. बाकीचं जानेवारीत.

आज विचार करण्यासाठी: तुमच्या घरात कुणाच्या गुणांचं तुम्ही नेहमी कौतुक करता? त्या माणसाला नक्की काय हवंय, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं?

प्रार्थना: प्रभू, माझ्या भावंडांना तू जे दिलंस त्याबद्दल तुझे आभार. त्यांना पाहून मला मनापासून आनंद होऊ दे, आणि तो आनंद माझ्या हातांतही उतरू दे. माझ्यासाठी कुणी काय सोडलं ते मला दिसू दे, आणि दिसल्यावर तोंड फिरवायची सवय काढून टाक. जानेवारीतल्या मंगळवारी मला ऑफिसातून वेळेवर निघू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.