बोक्याचा गुन्हा काय?

गेल्या श्रावणात एका सकाळी परड्यात गेलो तेव्हा पिंजऱ्याची जाळी एका कोपऱ्यात आत वाकलेली होती. ढब्बू मेला होता. चिंगी खोक्याच्या मागे अंग चोरून बसली होती आणि हात लावला तरी हलेना. ती काही वेडी झाली नव्हती. धोका दिसला की थिजायचं आणि संधी मिळाली की बिळात किंवा गवतात पळायचं, एवढीच युक्ती गिनीपिगला येते. आमच्या पिंजऱ्यात पळायला जागाच नव्हती.

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमध्ये घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. कौलांवरून, पत्र्यांवरून, टाक्यांवरून मांजरांचे स्वतंत्र रस्ते जातात. आमच्या गल्लीतला पिवळा बोका कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा भिंतीवर बसून पंजा चाटत होता.

चुलतभाऊ म्हणाला, "भावा, माशाच्या मुंडक्यात औषध घालून ठेवूया. विषय संपला." खरं सांगतो, मला तेव्हा ते पटलं. ढब्बूला तळहातावर घेऊन काकडी भरवलेली होती. त्या क्षणी भिंतीवरचं जनावर मला खुनी वाटत होतं.

आजी मात्र म्हणाली, "मांजराला काय कळतंय? त्येनं त्येचं काम केलं. तुला कळत हुतं न्हवं?"

मांजराला विष घालणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मला नंतर समजलं. पण माझी झोप उडवली ती आजीच्या प्रश्नानं.

लहानपणी ऐकलेली शिबी राजाची गोष्ट आठवली. ससाण्याच्या भीतीनं कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं. राजा त्याला अभय देतो. मग ससाणा विचारतो, हे माझं अन्न आहे, तू त्याला वाचवलंस तर मी काय खाऊ? राजा तराजू मागवतो आणि कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस द्यायला निघतो. आपल्या लक्षात राहतो तो राजाचा त्याग. पण राजा ससाण्याला एकदाही दुष्ट म्हणत नाही, ही गोष्ट आपण विसरतो. ससाण्याचं म्हणणं खोडायला त्याच्याकडे काही नाही. अभय मी दिलंय, तेव्हा किंमतही मीच मोजणार, एवढंच तो मानतो.

शिकारी प्राण्याला चांगलं-वाईट ठरवण्याची आपली पद्धत तशी सोयीचीच असते. याच कोल्हापुरात संस्थानकाळात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, काही तर आफ्रिकेतून आणलेले. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढून सोडायचा. तेव्हा त्याचं कौतुक व्हायचं. चित्ता जे करत होता तेच बोक्यानं केलं. फरक इतकाच, की चित्त्याची शिकार आपल्यासाठी होती आणि बोक्याची आपल्याविरुद्ध.

ढब्बू तरी परड्यात आला कसा? गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अँडीज पर्वतातल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला खाण्यासाठी पाळलं. पेरूमध्ये आजही तो ताटात असतो. इथे त्याला आणलं आम्ही, हौसेनं. त्याचं पळणं काढून घेतलं आम्ही. आणि बोक्याला परड्याची सवय कुणी लावली? रविवारी मटणाची हाडं, बुधवारी माशांची मुंडकी त्याच भिंतीखाली ठेवणारेही आम्हीच. एकाला दहा फुटांवर जेवायला बोलवायचं, दुसऱ्याला तिथेच कोंडायचं आणि झालं ते निसर्गाच्या नावावर टाकायचं. यात निसर्ग फार थोडा होता.

म्हणून मी बोक्याचा हिशेब सोडून माझा सुरू केला. आमची जाळी कोंबड्यांच्या खुराड्याची होती, पातळ तारेची, षटकोनी भोकांची. त्यातून मांजराचा पंजा सहज आत जातो. आता अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आहे, वरूनसुद्धा. घूस खालून उकरते म्हणून बाहेरच्या बाजूला फूटभर जाळी जमिनीत पुरली. दाराला दोन कड्या लावल्या. लपायला दोन तोंडांचं खोकं ठेवलं, म्हणजे एका बाजूनं भीती आली तर दुसरीकडून निघता येतं. मांजर आत शिरलं नाही तरी डोक्यावर येऊन बसलं की जीव घाबरतोच, म्हणून वरच्या अर्ध्या भागावर गोणपाट टाकलं. दिवस मावळला की चिंगी घरात येते. बोक्याचं जेवण आता पुढच्या दारी, गल्लीच्या बाजूला. ते बंद केलेलं नाही. मांजर मांसाशिवाय जगत नाही आणि आमच्या हातचं खायची सवय त्याला आम्हीच लावली आहे.

एक प्रश्न मात्र जाळीनं सुटला नाही. गिनीपिग कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर त्याला एकटं पाळणं कायद्यानं मना आहे. ढब्बू गेल्यावर चिंगी नीट खाईना, शीळ घालेना. दुसरा आणावा तर आणखी एक जीव आमच्या भरवशावर या परड्यात येणार. न आणावा तर आमच्या चुकीची शिक्षा ती एकटी भोगणार.

दोन महिने मी दुसरा आणला नाही. रोज रात्री बॅटरी घेऊन जाळीचे कोपरे दाबून बघत होतो. बोका भिंतीवरून माझ्याकडे बघायचा. एकदा वर चढला, पंजा घालून पाहिला आणि निघून गेला. त्यानंतर एका ओळखीच्यांच्या घरी नकोशी झालेली एक म्हातारी मादी आणली. दुकानातून नवं पिल्लू घेणं मनाला पटलं नाही.

परवा चिंगीनं पहिल्यांदा शीळ घातली. आजी म्हणाली, "कड्या बघ जा आधी." मी बघून आलो.